ही गोष्ट तुम्हाला मावशींकडून का कळली?

एका अधिपरिचारिकेचे पत्र थोडे संक्षिप्त करून प्रथम देते आहे.

‘मी जिल्ह्याच्या गावातील एका रुग्णालयात एकोणीस वर्षे नोकरी करते. सध्या पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात आहे. चाळीस खाटा, जमिनीवर गाद्या टाकलेले रुग्ण वेगळे, आणि रात्रपाळीला आम्ही दोघीच. चार महिन्यांपूर्वी बी.एस्सी. नर्सिंग झालेली तेवीस वर्षांची मुलगी आमच्याकडे रुजू झाली. “हिला तुमच्या हाताखाली तयार करा,” एवढे सांगून वॉर्डप्रमुख परिसेविकांनी तिला माझ्याबरोबर दिले. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका घेतलेली आहे. तिचे पुस्तकी ज्ञान माझ्यापेक्षा जास्त असेल, पण हाताला वेग नाही आणि ती काही विचारतही नाही. तीन आठवड्यांपूर्वी रात्री एका रुग्णाला १६ युनिट इन्सुलिन द्यायचे होते. नातेवाइकांनी बाहेरून आणलेली कुपी १०० युनिटची होती आणि आमच्या ट्रेमध्ये फक्त ४० युनिटच्या सिरिंज असतात. तिने तीच भरली. “रोजच्यापेक्षा जास्त वाटतंय,” असे रुग्णाची बायको म्हणाली म्हणून ती थांबली. नंतर योग्य सिरिंज आणवून तिने डोस दिला, पण मला यातले काहीही सांगितले नाही. सकाळी मावशींकडून (वॉर्डातल्या मदतनीस बाईंकडून) कळले. मी तिला तिथेच, कॉरिडॉरमध्ये, नातेवाइकांसमोर खूप बोलले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते आणि आता तिने वॉर्ड बदलून मागितला आहे. आम्हीही बोलणी खाऊनच शिकलो. आम्हाला कुणी हाताला धरून शिकवले नाही. हल्लीच्या मुलींना बोललेले सहन होत नाही. माझे काय चुकले, आणि एवढ्या कामात मी तिला शिकवायचे तरी कधी?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा राग अनाठायी नव्हता, हे आधी सांगते. ४० युनिटच्या कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असते आणि १०० युनिटच्या कुपीत तेवढ्याच द्रावात १०० युनिट असतात. लाल टोपणाची सिरिंज पहिल्या कुपीसाठी आणि नारिंगी टोपणाची दुसऱ्या कुपीसाठी असते. तिने लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत औषध ओढले, म्हणजे ०.४ मिलिलिटर घेतले, आणि १०० च्या कुपीतून घेतलेले तेवढे औषध म्हणजे ४० युनिट. हा डोस अडीचपट होता. रात्री झोपलेल्या माणसाची साखर पहाटे घसरली, तर घाम आणि थरथर ही लक्षणे झोपेतच निघून जातात आणि सकाळी आपण हाका मारत राहतो. हे सारे तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असणार आणि त्या भीतीपोटी तुम्ही बोललात, हे मी समजू शकते.

परंतु तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा एका वाक्यावर अडले. ‘सकाळी मावशींकडून कळले.’ तुम्ही त्या रात्री त्याच वॉर्डात, फार तर वीस पावलांवर होतात. तुमच्याकडे एकोणीस वर्षांचा अनुभव होता आणि तिच्याकडे चार महिन्यांचा. हात थरथरत असताना त्या मुलीला तुमच्याकडे यावेसे वाटले नाही. हे बोलणी बसण्याच्या आधीचे आहे, हे लक्षात घ्या. कॉरिडॉरमधल्या प्रसंगामुळे ती तुमच्यापासून दूर गेली, असे तुम्हाला वाटते आहे. मला मात्र ती आधीच दूर होती असे दिसते, आणि त्या प्रसंगाने ते अंतर फक्त उघडे पडले. नवी परिचारिका चुकणार, हे आपण गृहीत धरूनच चालतो. तिची चूक किंवा शंका आपल्यापर्यंत किती मिनिटांत पोहोचते, यावर रुग्णाचे बरेवाईट ठरते, आणि ही मिनिटे कमी करणे हे अनुभवी परिचारिकेचे पहिले काम आहे. कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी) घालायला शिकवणे, नोंदी लिहायला शिकवणे, हे सारे त्यानंतरचे.

मी हे ठामपणे सांगते, कारण ती मिनिटे मी स्वतः घालवलेली आहेत. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी एका रुग्णाला रक्त लावले होते. पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळ थांबायचे, हे परीक्षेत लिहून आले होते, म्हणून थांबले होते. बाराव्या-तेराव्या मिनिटाला त्याला हुडहुडी भरली. मी क्लॅम्प बंद केला, आणि नंतर तशीच उभी राहिले. पुढे काय करायचे ते मला पाठ होते: नवा सेट लावून नॉर्मल सलाइनवर शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना कळवायचे, पिशवीवरचे लेबल व रुग्णाची ओळख पुन्हा ताडून पाहायची, पिशवी रक्तपेढीकडे परत पाठवायची. पण आदल्याच दिवशी आमच्या सीनियर सिस्टरांनी एका क्षुल्लक नोंदीवरून मला सगळ्यांदेखत ‘शिकून आलीस की नुसती हजेरी लावून?’ असे विचारले होते, आणि आता त्यांच्यासमोर जायचे या विचाराने माझे पाय उचलत नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी ‘सिस्टर, अहो तो कुडकुडतोय’ असे ओरडून सांगितल्यावर मी धावले. जवळजवळ दहा मिनिटे गेली होती. रुग्ण सावरला. त्या सीनियर सिस्टर कामात अत्यंत हुशार होत्या आणि रुग्णांवर त्यांची मायाही होती. त्या वाईट नव्हत्या. मला त्यांची भीती वाटत होती, एवढेच. आणि त्या भीतीची किंमत मोजायची वेळ त्या माणसावर आली होती.

आता ‘आम्हीही बोलणी खाऊनच शिकलो’ या वाक्याकडे वळते. ताई, नीट आठवून पाहा, तुम्ही खरोखर बोलण्यांतूनच शिकलात का? उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातावर शीर शोधायला तुम्हाला कुणी शिकवले? मला एका वयस्क परिसेविकेने शिकवले. शीर फुगण्यासाठी हाताला टूर्निके, म्हणजे पट्टा, बांधून झाल्यावर त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि माझे बोट धरून त्या रुग्णाच्या मनगटाच्या कडेने हळूहळू वर नेत म्हणाल्या, ‘निळी दिसते तिच्या मागे लागू नकोस. बोटाखाली दाबून सोडली की परत वर येते ना, ती घे. आणि हिरवी जाड कॅन्युला ठेव बाजूला, याला बारीक निळी, बावीस नंबरचीच पुरे.’ त्या दिवशी हाताला जे कळले ते आजही विसरलेले नाही. तुमच्या आयुष्यातही अशी कुणीतरी असणारच, नाहीतर तुम्ही आज या जागी नसता. बोलण्यांची आठवण मनात खोल रुतते, आणि शिकवणारा हात मात्र आपल्या हातात असा मुरून जातो की तो कुणा दुसऱ्याचा होता हेही आपण विसरतो. शिवाय त्या बोलण्यांनी खचून ज्या मैत्रिणी हा पेशा सोडून गेल्या, त्या आज ‘आम्ही असेच शिकलो’ म्हणायला आपल्यात नाहीत.

नव्याने पदवी घेऊन आलेल्या मुलीची अवस्था नेमकी काय असते, यावर आपल्या पेशातल्या बायकांनीच पुष्कळ विचार केलेला आहे. मार्लिन क्रेमर या अमेरिकी परिचारिकेने १९७४ मध्ये या अवस्थेला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. महाविद्यालयात जे नीट, पद्धतशीर, एकेका रुग्णाला पुरेसा वेळ देऊन करायला शिकवले, ते प्रत्यक्ष वॉर्डात करता येत नाही असे दिसले की नवी परिचारिका आतून हादरते आणि आपण खोटे ठरत आहोत असे तिला वाटू लागते. तुमच्याकडची मुलगी चार वर्षांच्या शिक्षणात एका रुग्णाची सविस्तर केस लिहिण्यात दिवसच्या दिवस घालवून आलेली आहे. आता एका रात्री वीसजण तिच्या वाट्याला येतात. तिच्या हाताला वेग नाही असे तुम्ही म्हणता. मला वाटते, ती अजून प्रत्येक रुग्णाला शिकवल्याप्रमाणे पूर्ण पाहू पाहते आहे, आणि काय सोडले तर चालेल हे तिला कुणी सांगितलेले नाही.

१९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिकेच्या घडणीचे नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट तुमच्या फार उपयोगाची आहे. नवी परिचारिका नियमांच्या आधाराने चालते, तर मुरलेली परिचारिका परिस्थिती एका नजरेत संपूर्ण पाहते, आणि आपण काय पाहिले हे तिला स्वतःलाही चटकन सांगता येत नाही. तुम्ही दारातून वॉर्डवर नजर टाकता आणि ‘अकरा नंबरचे काहीतरी बिनसलेय’ म्हणून थेट तिकडे जाता. तिला फक्त तुमचे जाणे दिसते, जाण्यामागचे कारण दिसत नाही. ते कारण मोठ्याने बोला. ‘या आजोबांचा बीपी ठीक आहे, पण दुपारपासून ते सारखी चादर ओढतायत, बोलताना वाक्य मध्येच तोडतायत. श्वास मोज बरं. अठ्ठावीस? म्हणून मी डॉक्टरांना आत्ताच बोलावतेय, सकाळच्या राउंडची वाट बघत नाही.’ एवढे बोलायला अर्धे मिनिट लागते, आणि ते अर्धे मिनिट तुम्हाला कामातून वेगळे काढावे लागत नाही, कारण काम तुम्ही करतच असता. ‘शिकवायचे तरी कधी?’ या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली, तेव्हाही शिकाऊ मुलींना वॉर्ड सिस्टरच्या देखरेखीखाली रुग्णाच्या खाटेपाशीच तयार केले जाई. आपल्या पेशात फळ्यापेक्षा खाट नेहमीच मोठी राहिलेली आहे.

पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, देण्याघेण्याची वेळही अशीच वापरता येते. टेबलापाशी उभ्या राहून वही वाचण्याऐवजी निदान चार गंभीर रुग्णांचा ओव्हर खाटेपाशी घ्या आणि त्यातल्या दोघांबद्दल तिला आधी विचारा, ‘रात्रीत याचे काय बिघडू शकेल असे तुला वाटते?’ ती चुकली तरी तिथे हसू नका आणि लगेच दुरुस्तही करू नका, ‘का वाटले?’ एवढे विचारा. तिच्या विचारात नेमकी खोट कुठे आहे ते तुम्हाला दिसेल, आणि पुष्कळदा ती बरोबर आहे असेही दिसेल. डॉक्टरांना फोन करण्याची भीती जवळजवळ प्रत्येक नव्या मुलीला असते. तो फोन तिलाच करू द्या आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा. त्याआधी कागदावर तिला चार गोष्टी लिहायला लावा: रुग्ण कोण व कशासाठी भरती आहे, आत्ता काय बदलले, मी काय मोजले, आणि डॉक्टरांकडून मला काय हवे आहे. फोनवरून मिळालेली ऑर्डर तिने पुन्हा वाचून दाखवावी आणि मगच फोन ठेवावा.

आणखी एक गोष्ट तिला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड, हेपॅरिन आणि रक्त, या चार बाबतींत रात्री कितीही वाजता, मी दुसऱ्या रुग्णापाशी असले तरी, मला दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही. आणि तू दाखवायला आलीस म्हणून मी कधीही कुरकुर करणार नाही. या वाक्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आपण ‘काही अडले तर विचार’ असे म्हणतो आणि ती विचारायला आली की मान वर न करता ‘आता काय?’ असे म्हणतो. तिला आपले शब्द ऐकू येत नाहीत, आपली मान वर झाली नाही हे दिसते.

कडकपणा सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. पोटॅशियमचे ॲम्प्यूल कुणी थेट शिरेत ढकलू लागले, तर ‘थांब!’ म्हणून वॉर्डभर ऐकू जाईल असे ओरडा आणि हात धरा. तिथे शिष्टाचार पाहायचा नसतो. मात्र हात थांबला की ओरडण्याचे काम संपले. त्यानंतरचे बोलणे चेंजिंग रूममध्ये, दार लोटून, दोघींतच व्हायला हवे. त्या सकाळी चूक होऊन आठ तास उलटले होते, रुग्ण सुखरूप होता, थांबवण्यासारखे काही उरले नव्हते, आणि नातेवाइकांसमोर तुम्ही जे बोललात त्याने त्या नातेवाइकांचाही त्या मुलीवरचा विश्वास गेला. पुढच्या रात्री तिलाच त्यांच्या माणसाला इंजेक्शन द्यायचे होते. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते, तुमची चूक ही आहे.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी मी शोधल्या आणि त्या सापडल्या नाहीत. चार महिन्यांत त्या मुलीने चांगले केलेले एकही काम त्यात नाही. आणि ती कुठून आली, कुठे राहते, रात्रपाळीनंतर घरी कशी जाते, याबद्दल एक शब्द नाही. मावशींना बहुधा हे सगळे ठाऊक असेल. म्हणूनच ती त्यांच्याशी बोलली.

जीएनएम आणि बी.एस्सी. यांच्यातला सल तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलात, त्याचा मला आदर वाटतो. हा सल बहुतेक वॉर्डांत असतो आणि त्यावर कुणी उघड बोलत नाही. ‘हिला माझ्यापेक्षा जास्त येते’ ही भावना आपल्याला दुखवते, आणि मग तिच्या हाताचा संथपणा आपल्या नजरेत गरजेपेक्षा जास्त भरतो. त्यावर मला एकच उपाय माहीत आहे: तिच्याकडून एखादी गोष्ट खरोखर शिकून घ्या. एखाद्या नव्या औषधाबद्दल, एबीजीच्या (रक्तातल्या वायूंच्या तपासणीच्या) रिपोर्टबद्दल तिला मनापासून विचारा आणि तिने सांगितलेले इतरांसमोर तिच्या नावाने सांगा. जिला आपल्याला काही विचारले जाते असा अनुभव येतो, तिला आपल्यालाही काही विचारता येते.

इन्सुलिनच्या प्रसंगातला वॉर्डाचा वाटाही सोडू नका. बाहेरून १०० ची कुपी येऊ शकते हे सर्वांना माहीत असताना ट्रेमध्ये फक्त लाल टोपणाच्या सिरिंज ठेवणे हा एक सापळा आहे, आणि पहाटेच्या झोपेत तुम्ही किंवा मीसुद्धा त्यात अडकले असते. परिसेविकांना सांगून दोन्ही सिरिंज वेगवेगळ्या डब्यांत ठेवून घ्या, बाहेरून आलेल्या कुपीवर रुग्णाचे नाव आणि ‘१००’ हा आकडा ठळक लिहिण्याची पद्धत पाडा, ओव्हरच्या वहीत त्याची नोंद घ्या. हे काम तिला बरोबर घेऊन करा. वॉर्डाच्या मीटिंगमध्ये ते मांडताना ‘आमच्या दोघींच्या लक्षात आले’ असे म्हणा. त्याच वेळी परिसेविकांकडे एक मागणीही करा: नवी मुलगी तुमच्या हाताखाली दिली आहे, तर निदान पहिले सहा महिने तुमच्या दोघींच्या पाळ्या एकत्र लागाव्यात आणि हे तोंडी न राहता रोस्टरवर यावे. चाळीस खाटांमागे दोघी असताना त्यातल्या एकीला शिकवण्याचे कामही तुमच्यावर टाकायचे, तर त्याची नोंद व्हायला हवी.

आता राहिली वॉर्डबदलीची गोष्ट. तुम्ही तो अर्ज अडवू नका आणि परिसेविकांकरवी दबावही आणू नका. अर्जाचा निर्णय होण्याआधी तिच्याशी एकदा बोला मात्र. सुरुवात तिच्या चुकीपासून करू नका, तुमच्यापासून करा. ‘त्या दिवशी मी तुला लोकांसमोर बोलले, ते माझं चुकलं. मी घाबरले होते,’ एवढे पुरे. ‘पण तूसुद्धा...’ हे जोडू नका, नाहीतर तिला तेवढेच ऐकू जाईल. तिला रडू आले तर येऊ द्या. नंतर तिला विचारा की त्या रात्री माझ्याकडे यावेसे का वाटले नाही, आणि ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या, मध्ये खुलासा करू नका. ते ऐकणे तुम्हाला जड जाईल.

त्याच भेटीत एक गोष्ट तिला आवर्जून सांगा, कारण ती आजवर कुणीही सांगितलेली नाही. रात्रीच्या वेळी एक साधी बाई ‘जास्त वाटतंय’ म्हणाली आणि ही पदवीधर मुलगी ‘मला कळतं, तुम्ही बाजूला व्हा’ असे न म्हणता थांबली. तिने सिरिंज उजेडात धरून पुन्हा पाहिली असणार, टोपणाचा रंग पाहिला असणार, कुपीवरचा आकडा वाचला असणार. अनेक वर्षे काढलेल्या किती परिचारिका रुग्णाच्या बायकोच्या बोलण्यावर हात थांबवतात, हे तुम्ही आणि मी दोघी जाणतो. तिच्यात हे आहे. ती तुमच्या वॉर्डात राहिली किंवा दुसरीकडे गेली, तरी हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या.